शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाने वाङ्मय मंडळ बंद करू नये: व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, व्यवस्थापन मंडळ,
मा. प्राचार्य व प्राध्यापकवर्ग,
आमचे अध्यापक महाविद्यालय.

विषय: भाषा व वाङ्मय मंडळाचे उपक्रम बंद करण्याच्या निर्णयाबाबत.

सन्माननीय महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

भाषा व वाङ्मय मंडळाचा शनिवारचा तास यंदापासून रद्द, वार्षिक हस्तलिखित बंद आणि तो सगळा वेळ शिक्षक पात्रता परीक्षेच्या तयारीला, अशी सूचना आपल्या फलकावर लागली आहे. आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावासाठी, आमच्या शाळेत आलेल्या आपल्या छात्राध्यापकांकडून, बी.एड.च्या विद्यार्थ्यांकडून, हे कळले. आधी विश्वास बसला नाही. चौकशी केली तेव्हा खरे निघाले. कार्यालयाकडे पत्र दिले, त्याला उत्तर आले नाही. म्हणून तेच म्हणणे आता सर्वांसमोर मांडते आहे.

महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपली बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय इतर जिल्ह्यांतल्या शिक्षकमित्रांशी बोलताना लक्षात येते की, थोड्याफार फरकाने हेच त्यांच्याही महाविद्यालयांत चालू आहे. तेव्हा हे पत्र आपल्यासाठी आहेच, पण ज्यांना ज्यांना ते लागू पडेल त्यांनीही ते आपल्यालाच लिहिले आहे असे समजावे.

मी आपली माजी विद्यार्थिनी. बी.एड. झाल्यापासून खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात, उरलेल्यांच्या घरी अहिराणी. पुस्तकातली मराठी त्यांना पहिल्यांदा भेटते ती शिक्षकाच्या तोंडून. तो शिक्षक कसा बोलतो, कसा वाचतो, त्याला गोष्ट सांगता येते की नाही, यावर त्या मुलांचे आणि या भाषेचे नाते ठरते. हे मी दर वर्षी डोळ्यांनी बघते. आणि आपण घडवलेले शिक्षक खऱ्या वर्गात पहिल्यांदा उभे राहतात ते आमच्यासारख्यांच्या शाळेत. म्हणून मंडळ चालू राहावे की बंद व्हावे, हा आपला अंतर्गत प्रश्न आहे असे मला मान्य करता येत नाही.

यंदाचा एक पाठ सांगते. आठवीचा वर्ग, कवितेचा पाठ. छात्राध्यापक मेहनती, वेळेवर येणारा, मुलांशी नम्रपणे वागणारा. पाठ टाचण निर्दोष होते: उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, मूल्यमापन, सगळे रकाने भरलेले. कविता मात्र त्याने एकदाच वाचली. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबत, बातमी वाचावी तशी. मग शब्दार्थ, मग भावार्थ, मग प्रश्न. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, कवीला एवढं वाईट का वाटतंय?" तो गोंधळला आणि म्हणाला, "ते परीक्षेला नाही." मुलगी खाली बसली. नंतर मी त्याच्याशी बोलले. पाठ्यपुस्तकाबाहेरची कविता त्याने कधी वाचलेली नव्हती, मोठ्याने तर नाहीच. "आम्हाला कुणी वाचायला सांगितलंच नाही, मॅडम," असे तो म्हणाला, आणि ते त्याने तक्रारीच्या सुरात म्हटले नव्हते. त्याला खरोखरच असे काही करायचे असते हे ठाऊक नव्हते.

त्या मुलाला मी दोष देत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

माझ्या तक्रारी आता स्पष्टपणे मांडते.

पहिली तक्रार तासाबद्दल. शनिवारच्या तासाला कुणी पाहुणा नसायचा, हार नसायचे. वर्तुळात बसायचे, एकाने गोष्ट सांगायची, दुसऱ्याने कविता वाचायची, तिसऱ्याने नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचे, आणि बाकीच्यांनी विचारायचे. पहिल्या सत्रात उभे राहिले की पाय कापणारी मुले वर्षाच्या शेवटी पंधरा मिनिटे कथाकथन करत. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे सहकाऱ्यांसमोर घ्यायच्या छोट्या सराव पाठांत, आपण 'कथन कौशल्य', 'वाचन कौशल्य' असे एकेक कौशल्य सुटे काढून त्याचा सराव घेतो. तो आवश्यकच आहे. पण समोर ऐकायला बसलेली माणसे खरोखर ऐकत असतील तरच कथन जमते, आणि तशी माणसे त्या एका तासालाच मिळत. सहकाऱ्यांनी मुलांचे सोंग घेऊन बसायचे, अशी तिथे पद्धत नव्हती.

दुसरी तक्रार ग्रंथालयाची. कपाटे आहेत, पुस्तके आहेत, पण कपाटांना कुलपे आहेत. ग्रंथपालाचे पद रिकामे आहे आणि किल्ली कार्यालयात असते. छात्राध्यापक सांगतात की संदर्भग्रंथ मागितला तर मिळतो, कथा-कादंबरी मागितली तर 'अभ्यासाचे न्या' असे ऐकायला मिळते. मराठी शिकवणाऱ्या माणसाने कथा वाचणे हा अभ्यास नाही, हे कुणी ठरवले? बालसाहित्याचे तर स्वतंत्र कपाटच नाही. उद्या ज्याला सहावीच्या वर्गात उभे राहायचे आहे त्याने सहावीच्या मुलाने वाचावे असे एकही पुस्तक दोन वर्षांत हातात घेऊ नये, ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते. पैशाची अडचण मी समजू शकते. पण बालभारती 1971 पासून 'किशोर' मासिक काढते, त्याचे जुने अंक आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मराठी विश्वकोशही तसाच उपलब्ध आहे. आपल्या संगणक कक्षात हे दोन्ही उघडायला एक रुपया लागत नाही.

तिसरी तक्रार दिनविशेषांची. 3 जानेवारीला सावित्रीबाई, 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. हे सगळे दिवस आपल्याकडे पाळले जातात. प्रतिमापूजन, दोन भाषणे, फोटो, अहवाल. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी पुरावा लागतो, हे मला माहीत आहे, आणि त्या कामाचा प्राध्यापकांवर किती भार असतो हेही मी पाहिले आहे. पण वाचन प्रेरणा दिनाला पुस्तक हातात धरून रांगेत उभे राहायचे आणि फोटो झाला की पुस्तक परत कपाटात ठेवायचे, हे भावी शिक्षकांकडून करून घेऊ नका. तेच ते पुढे आपल्या शाळेत मुलांकडून करून घेतील, कारण उपक्रम म्हणजे हेच असे ते आपल्याकडून शिकून गेलेले असतील. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या आवारात मोठा फलक लागला होता. मलाही आनंद झाला होता. त्यानंतरच्या वर्षातच वाङ्मय मंडळ बंद होते, हे कसे समजून घ्यायचे?

चौथी तक्रार हस्तलिखिताची, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. आपले वार्षिक हस्तलिखित देखणे कधीच नसायचे. कुणाचे अक्षर वाकडे, कुणाची कविता यमकासाठी ओढलेली. पण त्यात प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्या गावचे काही ना काही लिहून आणायचे, असा दंडक होता. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, कानबाईच्या उत्सवातल्या रोटांच्या वेळची गाणी, आजीने सांगितलेली गोष्ट, शेतातल्या अवजारांची नावे. ज्याची बोली अहिराणी त्याने अहिराणीत, ज्याची पावरी त्याने पावरीत लिहायचे आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ द्यायचा. हे करताना भावी शिक्षकाला दोन गोष्टी कळत. एक, आपल्या घरची बोली लिहिण्याच्या लायकीची आहे. दोन, वर्गातल्या मुलाची बोलीही तशीच आहे. हे ज्याला कळले तो शिक्षक मुलाने वहीत 'डोळा'ऐवजी 'डोया' किंवा 'घरात'ऐवजी 'घरमा' लिहिले तर लाल रेघ ओढून मोकळा होत नाही. तो थांबतो, मुलाला दोन्ही रूपे शेजारी शेजारी लिहून दाखवतो. ज्याला कळले नाही तो रेघ ओढतो, आणि मूल लिहायचे बंद होते. माझ्या शाळेत मी दोन्ही प्रकारचे शिक्षक पाहिले आहेत.

आपण ज्या भागात आहोत तिथे तर हे विसरता येण्यासारखे नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता त्यांच्या तोंडून आलेले शब्द त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या दुसऱ्या एकाने टिपून ठेवले, म्हणून 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, महाराष्ट्राला त्या पुस्तकरूपाने वाचायला मिळाल्या. टिपून ठेवणारे घरात होते म्हणून हे झाले. ज्यांच्या घरात असे कुणी नाही त्यांच्यासाठी ते काम गावातला शिक्षकच करू शकतो, आणि त्याला ती सवय महाविद्यालयातच लागायला हवी. आपल्या परिसरातच अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय' दैनिक लिहून काढत. दैनिक! आपण वर्षातून एकदा निघणारे हस्तलिखितही वेळ नाही म्हणून बंद करतो आहोत.

मराठीतली शिक्षक-प्रशिक्षणाची परंपरा अशी कोरडी कधीच नव्हती. सावित्रीबाईंचा पहिला कवितासंग्रह 1854 मध्ये आला, तेव्हा पुण्यातली मुलींची शाळा सुरू होऊन सहा वर्षे झाली होती. शिकवणे आणि लिहिणे ही त्यांची दोन वेगळी आयुष्ये नव्हती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख राहिलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर मेघदूत आणि अरबी सुरस कथा मराठीत आणत होते, शिक्षकांसाठी निघणारे 'शालापत्रक' संपादित करत होते. इंदिरा संत बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत, पुढे तिथेच प्राचार्य झाल्या. नारायण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. प्रत्येक छात्राध्यापकाने कवी व्हावे असे मी म्हणत नाही. प्रशिक्षणाची जागा ही साहित्याचीही जागा असू शकते, आणि असली की शिक्षक वेगळे घडतात, एवढेच दाखवायचे आहे.

आता आपल्या बाजूचा मुद्दा. मुलांना नोकरी हवी आहे, पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या जाहिरातीची वाट पाहत कित्येकांची वये उलटून जातात. हे सगळे खरे आहे. माझ्याबरोबर शिकलेले काही जण आज दुकानात हिशोब लिहितात. तेव्हा पात्रता परीक्षेची तयारी करून घेण्याला माझा विरोध नाही, उलट ती चांगली करून घ्या. पण त्या परीक्षेचा आराखडाच बघा. 150 गुणांपैकी पहिल्या भाषेला 30 आणि दुसऱ्या भाषेला 30. म्हणजे 60 गुण भाषेचे, दोन्ही पेपरांत. त्यात उतारे असतात, कविता असते, त्यावरचे आकलनाचे प्रश्न असतात. ज्याने वर्षभर वाचले, वाचलेल्यावर चार लोकांत बोलला, त्याला उतारा अनोळखी वाटत नाही. वाचनाचा तास काढून त्या जागी प्रश्नसंचातले पर्याय पाठ करून घेणे, यात परीक्षेच्या हिशोबानेही मुलांचे नुकसान आहे.

आणि हा तास आपल्या मर्जीवरही नाही. महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यातून 2011 मध्ये न्या. वर्मा आयोग नेमला गेला, 2012 मध्ये त्याचा अहवाल आला, 2014 मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे नवे नियम आले आणि बी.एड. दोन वर्षांचे झाले. एक वर्ष वाढवले ते कशासाठी? 20 आठवड्यांची आंतरवासिता हवी म्हणून, आणि शिक्षक वाचणारा, विचार करणारा व्हावा म्हणून. त्या अभ्यासक्रमात सर्व विषयांतून भाषा कशी शिकवली जाते यावर स्वतंत्र घटक आहे. निवडक मजकूर वाचून त्यावर चिंतन करण्याचा घटक आहे, नाट्य आणि कलेचाही आहे. आपल्याकडे या तिन्हींची जर्नले तयार होतात, गुण दिले जातात. छात्राध्यापकांच्या फाईली मी पाहिल्या. एकाच पुस्तकाचा तोच परिचय, त्याच शब्दांत, अनेक फाईलींत होता. कुणीतरी मोबाईलवर पाठवला, बाकीच्यांनी उतरवला. प्राध्यापकांनी सही केली. मी कुणावर रागावून हे लिहीत नाही. ज्या शनिवारच्या तासाला हे घटक खरोखर जगता आले असते तो तासच रद्द झाला, मग फाईलीत दुसरे काय सापडणार?

पाचवी गोष्ट तक्रार म्हणून लिहायलाही वाईट वाटते. मराठी अध्यापन पद्धतीला आज पूर्णवेळ प्राध्यापक नाही. तासिका तत्त्वावर येणाऱ्या ताई दुसऱ्या दोन महाविद्यालयांतही शिकवतात, त्यांना वाङ्मय मंडळासाठी थांबा असे म्हणणे अन्यायाचे आहे. पद भरणे पूर्णपणे आपल्या हातात नाही, शासनाची परवानगी लागते. पण त्यासाठीचा पाठपुरावा आपल्या हातात आहे, आणि तो चालू आहे की नाही हे माजी विद्यार्थ्यांना कळायला हवे.

हेही सांगते की मला जुने मंडळ जसेच्या तसे परत नको आहे. माझ्या वेळीही उद्घाटनाला तास-तास भाषणे व्हायची. वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेल्या, कुणीतरी लिहून दिलेल्या भाषणांना बक्षिसे मिळायची. स्वरचित म्हणून आलेल्या कविता दरवर्षी आई आणि पाऊस या दोनच विषयांवर असायच्या, आणि त्या चांगल्या का नाहीत हे कुणी समजावून सांगत नसे. ते सगळे सुटले तरी हरकत नाही. वाचणे, सांगणे, लिहिणे आणि एकमेकांचे लिहिलेले नीट वाचणे, एवढे राहू द्या.

माझ्या मागण्या अशा आहेत.

शनिवारचा तास वेळापत्रकात परत घ्यावा. आठवड्यातून एकच, पण परीक्षा असो वा तपासणी, तो दुसऱ्या कामाला दिला जाऊ नये. मंडळ छात्राध्यापकांनी चालवावे, प्राध्यापकांनी सोबत बसावे. गणित आणि विज्ञानाच्या छात्राध्यापकांनाही त्यात घ्यावे, कारण शाब्दिक उदाहरण समजावून सांगायलाही भाषाच लागते.

ग्रंथालयाची कपाटे उघडी करावीत. ग्रंथपाल मिळेपर्यंत छात्राध्यापकांची पाळी लावून देवघेव चालवता येईल. मी शिकत असताना सुट्टीच्या दिवसांत आम्ही ती चालवत होतो. बालसाहित्याचे एक कपाट या वर्षीच सुरू करावे. आंतरवासितेला जाणाऱ्या प्रत्येकाला त्यातली काही पुस्तके वर्गात वाचून दाखवण्यासाठी बरोबर द्यावीत.

हस्तलिखित पुन्हा काढावे, बोलींच्या विभागासह. शक्य असेल तर त्याची एक प्रत सराव पाठांच्या शाळांना द्यावी. आमची मुले ती वाचतील, याची खात्री मी देते.

आंतरवासितेच्या निरीक्षण तक्त्यात प्रकट वाचन आणि कथाकथन यांचा स्वतंत्र रकाना असावा, आणि निरीक्षकाने ते प्रत्यक्ष ऐकूनच गुण द्यावेत. कविता एकदा वाचून शब्दार्थाकडे वळणाऱ्या पाठाला पूर्ण गुण मिळू नयेत.

मराठी पद्धतीच्या पदासाठी काय पाठपुरावा झाला, तो माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत सांगावा. ही बैठक पुढचे सत्र सुरू होण्याआधी बोलवावी आणि त्या बैठकीपर्यंत रद्द करण्याच्या निर्णयाची अंमलबजावणी थांबवावी.

आमच्याकडूनही काही येऊ शकते. खानदेशातल्या शाळांत काम करणारे आम्ही काही माजी विद्यार्थी महिन्यातला एक शनिवार महाविद्यालयात येऊन वाचनाचा, कथाकथनाचा तास घ्यायला तयार आहोत. मानधन नको, प्रवासखर्चही नको. आमच्या शाळांतले मुलांचे लेखन, त्यांच्या चुका, त्यांचे प्रश्न आम्ही बरोबर आणू, म्हणजे भावी शिक्षकांना खरा वर्ग आधीच भेटेल. सरकारने 2021 मध्ये निपुण भारत अभियान सुरू केले आणि तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला 2026-27 पर्यंत समजून वाचता यावे असे ठरवले. ते काम करणारी माणसे अध्यापक महाविद्यालयांतूनच बाहेर पडणार आहेत.

या पत्राचे उत्तर लेखी द्यावे, आणि ज्या फलकावर रद्द करण्याची सूचना लागली त्याच फलकावर ते लावावे, ही विनंती. निर्णय कायम राहिला तर त्याची कारणे छात्राध्यापकांना समजावून सांगावीत. त्यांच्या दोन वर्षांचा प्रश्न आहे, आणि त्यांना अजून कुणी विचारलेले नाही.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
(मराठीची शिक्षिका)